कॅम्पस पत्रकारिता आणि वृत्तपत्राचे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचं किंवा कॉलेजचं वृत्तपत्र काढणारे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अडचणीच्या प्रसंगांचे. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कॅम्पस पत्रकारिता म्हणजे नक्की काय? आमच्याकडे वार्षिक अंक निघतो, तो पुरेसा नाही का?

शाळा, कॉलेज किंवा विद्यापीठात जे घडतं आणि ज्याचा तिथल्या लोकांवर परिणाम होतो, त्याची विद्यार्थ्यांनी केलेली पत्रकारिता म्हणजे कॅम्पस पत्रकारिता. वार्षिक अंकात कविता, कथा, मान्यवरांचे संदेश, बक्षिसांची यादी असते. तो आठवण म्हणून जपून ठेवला जातो आणि त्याचं मोल वेगळं आहे. वृत्तपत्राचं काम मात्र परीक्षा पुढे का गेली, वसतिगृहाचं शुल्क कशामुळे वाढलं, स्नेहसंमेलनासाठी जमलेले पैसे कुठे खर्च झाले, हे वाचकाला वेळेवर आणि तपासून सांगण्याचं असतं. सूचना फलकावरचा कागद जसाच्या तसा छापला तर ती सूचनाच राहते. तिच्यामागचं कारण विचारलंत, ज्यांना झळ बसणार त्यांच्याशी बोललात, आकडे पडताळलेत, की ती बातमी होते.

विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र म्हणजे लुटुपुटूचा खेळ, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. हार्वर्डचं ‘क्रिमसन’ १८७३ मध्ये सुरू झालं, ‘येल डेली न्यूज’ १८७८ मध्ये, आणि दोन्ही आजही विद्यार्थीच चालवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी नव्या मुख्याध्यापकांची ओळख करून देणारा साधा लेख लिहायला घेतला होता. शैक्षणिक माहिती पडताळताना, पदव्या देणाऱ्या विद्यापीठाबद्दलच त्यांना शंका आली. त्यांनी चिकाटीने माग काढला, मिळालं ते छापलं, आणि मुख्याध्यापकांनी रुजू होण्याआधीच राजीनामा दिला. मुलं कुणाच्या मागे लागलेली नव्हती. स्वागताच्या लेखातली माहितीसुद्धा त्यांनी तपासली, एवढंच.

२. आमच्याकडे पत्रकारितेचा विभाग नाही. किती जण लागतील आणि कोणी काय करायचं?

विभाग नसला तरी काही अडत नाही. आठ-नऊ जण नियमितपणे काम करणारे असले की चार पानांचा अंक निघतो. संपादक (काय छापायचं याची अंतिम जबाबदारी), वृत्तसंपादक (कुणी कोणती बातमी आणायची हे ठरवणं), तीन-चार बातमीदार, एक छायाचित्रकार, एक पान लावणारा आणि एक मुद्रितशोधक, एवढी माणसं बघा. छोट्या चमूत एक जण दोन कामं करतो, पण दोन पथ्यं मोडू नका. बातमी लिहिणाऱ्यानेच ती अंतिम तपासायची नाही, आणि जाहिराती गोळा करणाऱ्याने बातम्यांबाबत निर्णय घ्यायचा नाही.

बातमीदारांना बीट, म्हणजे बातम्यांची ठरावीक क्षेत्रं, वाटून द्या. एकाकडे परीक्षा विभाग, एकाकडे वसतिगृह आणि खानावळ, एकाकडे क्रीडा, एकाकडे विद्यार्थी परिषद. दर आठवड्याला त्या त्या ठिकाणी नुसती चक्कर मारणारा बातमीदार, अंकाच्या आदल्या दिवशी फोन फिरवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आणतो.

३. पहिल्या पानावर काय काय असतं?

सगळ्यात वर वृत्तपत्राचं नाव, म्हणजे नामपट्टी. तिच्याखाली तारीख, अंक क्रमांक आणि पृष्ठसंख्या यांची बारीक ओळ. नामपट्टीच्या दोन्ही बाजूंना छोट्या चौकटी असतील तर त्यांना कान म्हणतात. तिथे आतल्या पानांवरच्या मजकुराची झलक किंवा एखादी सूचना येते. नामपट्टीच्या वरच्या पट्टीत एखाद्या विशेष लेखाची जाहिरातवजा ओळ टाकतात.

त्याखाली लीड, म्हणजे त्या अंकाची सर्वांत महत्त्वाची बातमी. मथळा सगळ्या स्तंभांवर पसरलेला असेल तर तो बॅनर. मग सेकंड लीड, दोन स्तंभी आणि एक स्तंभी बातम्या. मोठ्या आकाराचं वृत्तपत्र आडवं दुमडलेलं असतं, त्या घडीच्या वरचा भाग आधी दिसतो, म्हणून महत्त्वाचं तिथे. पानाच्या तळाशी आडवी पसरलेली, बहुधा जरा वेगळ्या धाटणीची बातमी म्हणजे अँकर. बातमी आतल्या पानावर संपत असेल तर शेवटी ‘पान ३ वर’ असं लिहायचं आणि तिथे ‘पान १ वरून’. चार पानांच्या अंकात असं शक्यतो करू नका, वाचक पान उलटेपर्यंत धागा सोडतो.

४. नामपट्टी, मास्टहेड आणि प्रिंटलाइन यांत फरक काय?

पहिल्या पानावरचं नाव ही नामपट्टी. मास्टहेड हा शब्द ब्रिटिश वळणाच्या वृत्तपत्रांत याच अर्थाने वापरतात, तर अमेरिकी पुस्तकांत संपादक मंडळाच्या नावांच्या चौकटीला मास्टहेड म्हणतात. गोंधळ तिथूनच होतो. आपल्या चमूत एक अर्थ ठरवा आणि तोच वापरा. प्रिंटलाइन म्हणजे शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि पत्ता देणारी बारीक ओळ. अनेक देशांत नियमित छापल्या जाणाऱ्या नियतकालिकाला ती कायद्याने बंधनकारक असते.

कायदा सांगत नसला तरी संपादक मंडळाची नावं जरूर छापा. वृत्तपत्राचा जवळपास प्रत्येक भाग ‘हे कोण म्हणतंय?’ या वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर असतो. बायलाइन सांगते बातमी कुणी आणली, अवतरणचिन्हं सांगतात शब्द कुणाचे, अग्रलेखाची जागा सांगते मत वृत्तपत्राचं आहे, ‘जाहिरात’ हा शब्द सांगतो की जागा विकलेली आहे. यांतलं एक जरी पुसट झालं तरी वाचकाचा अख्ख्या अंकावरचा भरवसा डळमळतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

५. एका बातमीचे भाग कोणते?

मथळा, गरज असेल तर उपमथळा, बातमीदाराचं नाव (बायलाइन), ठिकाण आणि तारीख (डेटलाइन), पहिला परिच्छेद (इंट्रो), त्यानंतर तपशील, संबंधितांची विधानं आणि शेवटी पार्श्वभूमी. लांब बातमीत मध्ये मध्ये छोटे उपमथळे टाकतात. आकडे, वेळापत्रक किंवा ‘आतापर्यंत काय घडलं’ हे मजकुरात कोंबण्यापेक्षा शेजारी चौकटीत द्या.

डेटलाइन फक्त आवाराबाहेरून आणलेल्या बातमीला लावा, आणि तीही बातमीदार खरोखर तिथे गेला असेल तरच. घरी बसून फोनवर घेतलेल्या बातमीवर दुसऱ्या गावाचं नाव टाकणं म्हणजे वाचकाला खोटं सांगणं.

महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं नंतर, या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. पान लावताना जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद कापला जातो, आणि नीट रचलेल्या बातमीचं त्याने काही बिघडत नाही. तुमच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद झाकून वाचून बघा. बातमी अर्धवट वाटली तर क्रम चुकला आहे.

६. इंट्रो जमतच नाही. पहिलं वाक्य कसं लिहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून नमुनाच बघू. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या बातमीत हमखास दिसणारी सुरुवात अशी असते:

‘विद्यार्थ्यांच्या सोयीचा विचार करून प्रशासनाने एक स्तुत्य निर्णय घेतला असून त्यानुसार ग्रंथालयाच्या वेळेत वाढ करण्यात आली आहे.’

व्याकरण ठीक आहे, पण बातमी कुठे आहे? किती वाजेपर्यंत? कधीपासून? किती दिवस? ‘स्तुत्य’ हे मत कुणाचं? ‘करण्यात आली आहे’ या क्रियापदामागे कोण उभं आहे? आता हे वाचा:

‘परीक्षा संपेपर्यंत ग्रंथालयाची अभ्यासिका रात्री आठऐवजी अकरापर्यंत उघडी राहणार आहे. सोमवारपासून हा बदल लागू होईल, असे ग्रंथपालांनी सांगितले. पुस्तकांची देवघेव मात्र पूर्वीप्रमाणे सायंकाळी सहालाच बंद होईल.’

तिसरं वाक्य खास बघा. ते कोणत्याही सूचनेत नसतं. ‘म्हणजे पुस्तकंही रात्री मिळणार का?’ असं बातमीदाराने विचारलं, म्हणून ते आलं. ते नसतं तर विद्यार्थी रात्री नऊला पुस्तक घ्यायला जाऊन परत आले असते. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं, ही सहा उत्तरं बातमीत हवीत. सगळी पहिल्याच वाक्यात नकोत. त्यांतली वाचकाला सर्वांत आधी लागणारी एक-दोन पुढे घ्या. बहुतेक वेळा ती ‘काय’ आणि ‘कधी’ असतात. ‘कोण’ने सुरुवात करायची ती माणूसच बातमी असेल तेव्हा.

‘असून’, ‘त्यानुसार’, ‘या पार्श्वभूमीवर’ हे शब्द दिसले की थांबा. बहुधा तिथे पूर्णविराम हवा असतो.

७. चांगला मथळा कसा करायचा?

बातमीतलं नवं काय ते मथळ्यात आलं पाहिजे. ‘ग्रंथालयाबाबत महत्त्वाचा निर्णय’ यातून काही कळत नाही. ‘अभ्यासिका आता रात्री अकरापर्यंत’ यात सगळं आलं. मथळ्यात असलेली प्रत्येक गोष्ट बातमीत असायलाच हवी. मथळा बातमी लिहून झाल्यावर करा, आणि शक्यतो लिहिणाऱ्याने नव्हे तर डेस्कवरच्या, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या, दुसऱ्याने.

मराठीत विभक्तीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘प्राचार्यांची चौकशी’ आणि ‘प्राचार्यांकडून चौकशी’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, आणि त्या एका प्रत्ययाने चौकशी करणारा माणूस आरोपी होऊ शकतो. आरोप असेल तर तो आरोप आहे हे मथळ्यातच दिसू द्या. कुणाचे शब्द वापरले असतील तर एकेरी अवतरणात ठेवा. प्रश्नचिन्हाच्या मथळ्यापासून दूर राहा: ‘निवडणुकीत गैरप्रकार?’ असं छापता तेव्हा उत्तर तुमच्याकडे नसतं, पण संशय मात्र पसरतो.

८. संपादकीय पानावर काय असतं? आणि अग्रलेखाखाली नाव का नसतं?

अग्रलेख, छोटी स्फुटं, एक-दोन सहीचे लेख, वाचकांची पत्रं आणि बहुधा एक व्यंगचित्र. अग्रलेख हे संपादक मंडळाचं, म्हणजे वृत्तपत्राचं मत असतं, म्हणून त्याखाली नाव नसतं. शेजारच्या सहीच्या लेखातलं मत त्या लेखकाचं असतं आणि ते अग्रलेखाच्या विरुद्धही असू शकतं. असावंच, असं माझं मत आहे. ज्या पानावर सगळे एकाच सुरात बोलतात त्याला पत्रं यायची बंद होतात.

अग्रलेखात भूमिका पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा, समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडा, त्याला उत्तर द्या, आणि काय व्हायला हवं ते नेमकं लिहा. ‘प्रशासनाने लक्ष घालावे’ ही मागणी नव्हे. ‘निकालानंतर पंधरा दिवसांत उत्तरपत्रिकेची प्रत मिळावी’ ही मागणी आहे.

वाचकाच्या पत्राची काटछाट करता येते, अर्थ बदलता येत नाही. पत्र पाठवणाऱ्याची ओळख पडताळल्याशिवाय छापू नका.

९. फीचर म्हणजे काय? ते बातमीपेक्षा वेगळं कसं ओळखायचं?

बातमी आज नाही छापली तर शिळी होते. फीचर आठवडाभर थांबू शकतं. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाची एक रात्र, वसतिगृहात पहिल्यांदाच राहणाऱ्या मुलींचे पहिले दिवस, असे विषय. त्यात सुरुवात प्रसंगाने करता येते, वर्णनाला जागा असते. प्रसंग, संवाद, आकडे मात्र बातमीइतकेच खरे हवेत. ‘दोन-तीन जणांचे अनुभव मिळून एक पात्र केलं’ हे पत्रकारितेत चालत नाही.

१०. क्रीडा पानाला वेगळे नियम आहेत का?

भाषा जरा मोकळी असते, बाकी नियम तेच. निकाल आणि गुणसंख्या इंट्रोतच द्या. सामना कुठे फिरला तो क्षण सविस्तर लिहा, बाकी झटपट. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाशीही बोला. आपला संघ हरला तर ‘निसटता पराभव’ तेव्हाच लिहा जेव्हा तो खरोखर निसटता असेल.

११. फोटोओळीत काय लिहायचं? फोटोत तर सगळं दिसतंच.

जे दिसत नाही ते लिहायचं: कोण, कुठे, कधी, कशासाठी. ‘मनोगत व्यक्त करताना पाहुणे’ ही ओळ कशाच्याही खाली बसते, म्हणून ती निरुपयोगी. नावं डावीकडून क्रमाने द्या आणि प्रत्येक नावाचं लेखन त्या त्या व्यक्तीलाच विचारून घ्या. फोटो जुना असेल तर ‘संग्रहित’ लिहा. पार्श्वभूमीतला माणूस पुसणं किंवा गर्दी वाढवणं म्हणजे खोटी बातमी देणं. छपाईसाठी फोटो प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) असावा. चॅटवरून आलेला फोटो आकसलेला असतो, मूळ फाइल मागवा.

१२. पान लावताना मराठी अक्षरं तुटतात, ओळी एकमेकांवर चढतात. काय करायचं?

आधी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना ते बघा. जुन्या फाँटमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार, ‘ऱ्या’, ‘द्य’, ‘क्ष’ आणि र्‍हस्व वेलांटी हमखास इकडची तिकडे होते. ते शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात. इनडिझाइन या पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात. स्क्रायबस हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याची नवी आवृत्ती घ्या, जुन्यांना देवनागरी नीट जमत नव्हती.

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे इंग्रजी पानाचं ओळींमधलं अंतर जसंच्या तसं ठेवलं तर मजकूर गुदमरतो. अंतर थोडं वाढवा. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भोकं पडतात. अशा वेळी उजवी कड मोकळी सोडलेली बरी.

पानांची संख्या चारच्या पटीत ठरवा. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पानं होतात. सहा पानांचा अंक ठरवलात तर छपाईवाल्याकडे जाऊन दोन पानं शोधत बसावं लागतं. संगणकावर बसण्याआधी कागदावर डमी काढा: कोणती बातमी कुठे, किती स्तंभ, फोटो कुठे.

१३. ज्यांची मुलाखत घेतली ते म्हणतात, छापण्याआधी दाखवा. दाखवायची का?

पूर्ण मजकूर दाखवू नका. तो दाखवला की विधानं मवाळ होतात, टीका गळते, आणि शेवटी बातमी कुणाची हेच कळत नाही. त्याऐवजी, ‘तुमच्या तोंडची वाक्यं आणि आकडे मी तुम्हाला वाचून दाखवीन’ असं मुलाखतीआधीच सांगा. वैज्ञानिक किंवा कायदेशीर तपशिलासाठी हे उपयोगाचंच आहे. चुकीचा आकडा दुरुस्त करा. ‘मी असं बोललो होतो पण आता नको’ ही वेगळी गोष्ट, तिचा निर्णय संपादकाचा.

अपवाद आहे. ज्याने दुःखद किंवा छळाचा अनुभव सांगितला आहे, त्याला त्याच्याबद्दलचा भाग वाचून दाखवणं योग्य ठरतं (प्रश्न १७ पाहा).

१४. नाव न छापण्याच्या अटीवर कुणी माहिती देत असेल तर?

आधी विचारा, नाव का नको. शिक्षकाच्या विरोधात बोलल्याने गुण कमी होण्याची भीती हे कारण समजण्यासारखं आहे. कुणावर तरी चिखल उडवायचा आहे आणि नाव नको, हे नाही. निनावी माणसाकडून माहिती घ्या, शेरेबाजी घेऊ नका. बातमीदाराखेरीज किमान संपादकाला ती व्यक्ती कोण हे माहीत हवं. तिने सांगितलेलं कागदपत्रांतून किंवा दुसऱ्या स्वतंत्र व्यक्तीकडून पक्कं झाल्याशिवाय छापू नका. ‘सूत्रांनी सांगितले’ एवढ्यावर थांबू नका. ‘बैठकीला हजर असलेल्या एका सदस्याने सांगितले’ यातून वाचकाला त्या माहितीचं वजन कळतं.

एकदा शब्द दिला की तो पाळायचाच, प्राचार्यांनी बोलावून विचारलं तरी. म्हणून शब्द देण्याआधी विचार करा.

१५. प्राचार्यांनी बातमी काढायला सांगितली. काढायची का? कायदा काय म्हणतो?

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, आणि उत्तरं एकमेकांच्या विरुद्धही आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या टिंकर खटल्यात विद्यार्थ्यांचा अभिव्यक्तीचा हक्क शाळेच्या फाटकाशी संपत नाही, असं ठरवलं. १९८८ च्या हेझलवुड खटल्यात मात्र, पत्रकारितेच्या वर्गातून निघणाऱ्या वृत्तपत्राची दोन पानं मुख्याध्यापकांनी वगळली होती (त्यात किशोरवयीन गर्भधारणा आणि आई-वडिलांचा घटस्फोट या विषयांवरचे लेख होते), आणि वाजवी शैक्षणिक कारण असेल तर शाळेला तसं करता येतं, असा निकाल आला. फिलिपिन्समध्ये १९९१ पासून कॅम्पस पत्रकारितेसाठी स्वतंत्र कायदाच आहे. त्यानुसार संपादकीय धोरण विद्यार्थी संपादक मंडळ ठरवतं आणि मार्गदर्शक शिक्षकाचं काम तांत्रिक मार्गदर्शनापुरतं असतं.

प्रत्यक्षात पहिल्यांदा आक्षेप नेमका काय आहे ते विचारा, शक्यतो लेखी. माहिती चुकीची असेल तर दुरुस्त करा किंवा बातमी थांबवा, यात कमीपणा नाही. कुणाची खासगी माहिती उघड होत असेल तर ती वगळा. पण ‘संस्थेची बदनामी होईल’ एवढंच कारण असेल, बातमी पक्की असेल आणि दुसरी बाजू घेतलेली असेल, तर ती काढू नये असं मला ठामपणे वाटतं. शांतपणे तसं सांगा आणि संस्थेचं म्हणणं बातमीत ठळकपणे देण्याची तयारी दाखवा. २०२३ मध्ये ‘स्टॅनफर्ड डेली’च्या वार्तांकनानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पद सोडलं, त्यांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या त्रुटींचा माग विद्यार्थी बातमीदाराने काढला होता. ती बातमी टिकली ती कागदपत्रांच्या जोरावर.

हा वाद पहिल्यांदा उभा राहायच्या आधीच धोरणाचं एक पान लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या: अंतिम निर्णय कुणाचा, मार्गदर्शक शिक्षक काय बघणार, तक्रार कुणाकडे. मार्गदर्शक शिक्षकाने प्रश्न विचारावेत, कायद्याचे धोके दाखवावेत, लिहिणं शिकवावं. लेखणी हातात घेऊन बातमी स्वतः लिहू नये.

१६. मी स्वतः विद्यार्थी परिषदेत आहे. तिथली बातमी मी लिहू शकतो का?

नाही. तुम्ही माहिती देऊ शकता, लिहायचं दुसऱ्याने. जवळचा मित्र उमेदवार असेल, संघात तुमची बहीण खेळत असेल, तरी हेच. छोट्या आवारात सगळेच एकमेकांना ओळखतात, म्हणून नुसती ओळख आड येत नाही. नातं, पैसा, पद किंवा भांडण आड येतं. लेखकाचा संबंध टाळता येणारा नसेल तर मजकुराच्या शेवटी तो उघड सांगा. जाहिरातदाराबद्दलच्या बातमीलाही हे लागू आहे.

१७. छळ, लैंगिक अत्याचार किंवा आत्महत्येची घटना घडली तर वार्तांकन करायचं का? कसं?

करायचं, पण सगळ्यात अनुभवी बातमीदाराने आणि घाई न करता.

लैंगिक अत्याचारातल्या पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं अनेक देशांत गुन्हा आहे, भारतातही. कॅम्पसवरची खरी अडचण अशी की नाव न छापताही ओळख पटते. मोठ्या शहराच्या वृत्तपत्रात ‘दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी’ म्हणजे हजारोंतली एक. तुमच्या अंकात ‘दुसऱ्या वर्षाची, कबड्डी संघातली, वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी’ म्हणजे एकच मुलगी, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असते. म्हणून तपशील एकेकटे नव्हे, एकत्र वाचून बघा. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याबाबतीतही तक्रार कोणत्या टप्प्यावर आहे ते नेमकं लिहा, आणि त्याचं म्हणणं घ्यायला पुरेसा वेळ द्या.

आत्महत्येबाबत जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत: पद्धत आणि जागेचा तपशील नको, चिठ्ठीतला मजकूर नको, मथळा भडक नको, ‘नापास झाल्याने’ असं एकच कारण चिकटवणं नको, आणि मदत कुठे मिळेल ते जरूर द्यावं. मृताच्या समाजमाध्यमावरचा फोटो उचलू नका. वर्गमित्रांना त्याच दिवशी गाठून प्रतिक्रिया घेऊ नका.

१८. समाजमाध्यमावरची पोस्ट किंवा ग्रुपमधला स्क्रीनशॉट छापता येतो का?

स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तपासाची सुरुवात. तो दोन मिनिटांत बनवता येतो. ज्याच्या नावावर आहे त्यालाच विचारा. जाहीर पोस्टचा उल्लेख करता येतो. बंद ग्रुपमधलं बोलणं छापण्याइतकं त्यात सार्वजनिक हिताचं काय आहे, याचं उत्तर संपादकाकडे तयार हवं. दुसऱ्याने काढलेला फोटो त्याच्या परवानगीशिवाय वापरू नका, श्रेय दिलं तरी. एआयने लिहिलेला मजकूर किंवा बनवलेलं चित्र वापरणार असाल तर आधी धोरण ठरवा आणि वाचकाला सांगा. घटनेचा फोटो म्हणून बनवलेलं चित्र कधीच नको.

१९. आम्ही एक एप्रिलला गमतीचा अंक काढतो. त्यात हरकत आहे का?

काढा, पण नेहमीच्या नामपट्टीखाली नको. एकच बातमी कापून फोनवर फिरवली जाते आणि ‘काल्पनिक’ ही सूचना पहिल्याच पानावर राहून जाते. म्हणून ती प्रत्येक मजकुरावर हवी. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी खोटं विधान घालू नका. खरा विद्यार्थी, शिपाई किंवा कर्मचारी विनोदाचा विषय करू नका.

२०. छापून झाल्यावर चूक कळली. आता?

पुढच्याच अंकात, ठरलेल्या जागी, स्पष्ट शब्दांत खुलासा. असा:

‘गेल्या अंकात पान २ वर वसतिगृहाचे शुल्क दुप्पट झाल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात ते एक चतुर्थांशाने वाढले आहे.’

चूक काय होती आणि बरोबर काय, दोन्ही लिहा. ‘अनवधानाने’, ‘मुद्राराक्षसाच्या कृपेने’ वगैरे नको. ऑनलाइन मजकुरात दुरुस्ती केली तर तारखेसह नोंद तिथेच ठेवा. चुकीमुळे एखाद्याचं नुकसान झालं असेल तर पुढच्या अंकाची वाट न बघता त्याला भेटा.

२१. माजी विद्यार्थी म्हणतो, माझ्या नावाची जुनी बातमी संकेतस्थळावरून काढा. काढायची का?

गुपचूप काढू नका आणि गुपचूप नाकारूही नका. बातमी चुकीची होती का? तर प्रश्न २० प्रमाणे दुरुस्ती. बरोबर होती, पण नंतर चौकशीत तो निर्दोष ठरला? तर बातमीच्या सुरुवातीलाच, तारखेसह, तो निकाल लिहा. हे तुमचं कर्तव्यच आहे. तेव्हा तो अल्पवयीन होता, किंवा कॉपीसारख्या किरकोळ प्रकरणात नाव आलं होतं? तर मजकूर ठेवून नाव वगळण्याचा विचार करा आणि तसं केल्याची टीप द्या. सार्वजनिक पदावर असताना केलेल्या गैरव्यवहाराची बातमी असेल तर ती राहू द्या. छापील अंक ग्रंथालयात आहे तसाच राहतो.

निर्णय संकेतस्थळ सांभाळणाऱ्या एकट्याने घेऊ नये, संपादकासह तिघांनी घ्यावा. विनंती, निर्णय आणि कारण लेखी नोंदवून ठेवा. संपादक मंडळ दरवर्षी बदलतं, आणि तीच विनंती नव्या मंडळाकडे पुन्हा येऊ शकते.